पांढऱ्या तळ्याचं कापड

तो दुकानात आला आणि तोंडातून शब्द काढायच्या आत माझ्या आठवडाभराच्या मेहनतीवर बसला.

खरंच बसला. टावर चौकामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर माझं बाटिकचं दुकान आहे. गावाबाहेरच्या भैरूगढच्या कारखान्यातून मेण लावून आणलेली साडी मी बाकावर पसरली होती आणि धूळ बसू नये म्हणून वर पेपर टाकला होता. हा प्राणी जिना चढून आला, कपाळाचा घाम पुसला, पेपर बघितला आणि बसला. कडकड आवाज झाला. माझ्या डोक्यात त्याहून मोठा झाला.

"उठा! आधी उठा!"

तो उठला. मग काय बिघडलं ते बघायला वाकला आणि नेमकं तिथेच हाताने दाबलं.

"हात नका लावू! मेण आहे ते. तडकलं की रंग आत घुसतो. पूर्ण बॉर्डर वाया घालवली तुम्ही!"

"सॉरी... मला वाटलं, नुसता पेपर आहे."

"बाकावर पेपर कशाला पसरतात लोक? कोणी बसावं म्हणून?"

"रेल्वेत तर म्हणूनच पसरतात," तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. माझ्या रागाचं असंच आहे. आमच्या फ्रीगंज भागातल्या सगळ्या मराठी घरांना तो ठाऊक आहे. गेल्या वर्षी मला बघायला आलेल्या एका मुलाच्या आईने 'उंची चपलेसकट की चपलेविना?' असं विचारलं, तेव्हा मी चप्पल काढून तिच्या हातात दिली होती. त्यानंतर मी घरात जाहीर करून टाकलं, की आता कुणीही मला बघायला येणार नाही. आईने दोन दिवस अबोला धरला. मी तिसऱ्या दिवशीही बोलले नाही.

तर हा माणूस. साडीवरच्या भेगांवरून त्याची नजर हलेना.

"अस्संच दिसतं," तो हळूच म्हणाला. "आमचं तळं... मे महिन्यात. बर्फ फुटायला लागतो ना, तेव्हा."

"कुठलं तळं?"

"फोर्ट कॅलम. कॅनडात. टोरांटोजवळ नाही," त्याने घाईघाईने सांगितलं, "सगळे तेच विचारतात. वर, खूप वर. जिथे रस्ता संपतो, तिथे."

नाव सुमीत. मूळचा रतलामचा, सुट्टीत फ्रीगंजमध्ये मावशीकडे आलेला. इथे दर दुसऱ्या घरात कुणाची ना कुणाची मावशी राहते, म्हणून कुठली ते मी विचारलं नाही. तिकडे कॅनडात तो गावाला पाणी पुरवणाऱ्या केंद्रावर इंजिनियर होता आणि रविवारी गावाचं छोटं म्युझियम उघडून बसायचा. छोट्या गावात एका माणसाला अशी दोन-तीन कामं करावी लागतात म्हणे. श्रावणी सोमवार होता, देवाची सवारी निघाल्यामुळे रस्ते अडलेले, त्यामुळे तो संध्याकाळपर्यंत बसला – उभाच राहिला खरं तर, बसायची हिंमत नव्हती. निघताना म्हणाला, "म्युझियमच्या भिंतीसाठी एक मोठं कापड कराल? आमच्या गावाची गोष्ट. पाण्याकाठची."

मी म्हटलं, "गोष्ट नीट सांगितली तर करीन."

मग तो रोज यायला लागला. मी रेखाटत बसायची, तो समोरच्या स्टुलावर बसून सांगायचा.

"आधी कंपनीवाले आले, कातडी विकत घ्यायला. मग वाफेच्या बोटी. मग धक्का, गोदामं, हॉटेल..."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी म्हणजे?"

"तळं काय कंपनीने खोदलं?"

तो मान खाली घालून हसला. त्याच्या गालाला एकाच बाजूला खळी पडते, हे मी त्या दिवशी बघितलं आणि लगेच नजर कागदाकडे वळवली.

"डेने लोक होते, तिथले मूळचे," तो म्हणाला. "आहेत. उन्हाळ्यात मासे धरायला तिथेच तळ पडायचा त्यांचा. माझी शेजारीण, एल्सीआजी, त्यांच्यातलीच. बरोबर आहे तुमचं. तिथूनच सुरू करायला हवं."

बोटीचं चित्र मी मोठ्या हौसेने काढलं होतं. चिमणीतून धूर, काठावर हात हलवणारी माणसं. तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.

"एल्सीआजी लहान होती... तिला याच धक्क्यावरून अशाच बोटीत बसवून नेलं. लांबच्या मिशनच्या शाळेत. गावातली सगळी मुलं. आईबापांना कुणी विचारलं नाही. आपली भाषा बोलली की मार. तिचा भाऊ परत आलाच नाही."

माझ्या हातातली पेन्सिल थांबली. ज्यांनी नेलं त्यांच्यातलं कुणी समोर असतं, तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक. मी ते चित्र टराटरा फाडलं.

"हात हलवणारी माणसं! आणि मला हे आज सांगताय?"

"मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा असाच चिडलो होतो," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो ते लपवत नव्हता.

"आजींना चालेल का? भिंतीवर लावलेलं?"

"तिला फोनवर विचारलं. म्हणाली, बोट काढशील तर मुलांसकट काढ."

मी मुलांसकट काढली. सगळ्यांची तोंडं काठाकडे. मग पुराचं वर्ष काढलं – नदीच्या तोंडाशी बर्फ अडला, जुनं गाव पाण्यात गेलं, आणि लोकांनी आपली लाकडी घरं ओंडक्यांवर ठेवून उंचावर ओढत नेली. आख्खी घरं, चिमण्यांसकट! आपल्याकडे एक कपाट हलवायचं तरी भांडणं होतात.

कापडाला पहिला रंग चढला त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. घरं, माणसं, बोट मेणाखाली झाकून मी तळं निळंशार रंगवलं होतं. सुमीत आला. कापड बघितलं. डोकं खाजवलं.

"छान आहे... पण... तळं निळं आहे."

"मग काय गुलाबी हवं?"

"पांढरं. निळं चार दिवसांचं असतं हो. बाकी सगळा काळ बर्फ. आम्ही त्याच्यावरून ट्रक चालवतो. गावातल्या कुणालाही तळं काढायला सांगा, पांढरंच काढेल."

बाटिकमध्ये जे पांढरं ठेवायचं त्याच्यावर सगळ्यात आधी मेण लावावं लागतं. एकदा रंग बसला की पांढरं परत आणता येत नाही. म्हणजे सगळं पहिल्यापासून. क्षिप्रेच्या काठावर वाढलेल्या बाईला पाणी म्हटलं की निळंच सुचणार, हे या माणसाला कळायला नको?

"पागल झाला का तू?" मी किंचाळले. "इतके दिवस समोर बसून चहा ढोसला आणि हे नाही सांगितलं? तळं! पांढरं! हे सांगायची गोष्ट नाही का?"

"मला वाटलं, सगळ्यांना पता असेल..."

"कोणाला पता असेल? इथे बर्फ उसाच्या रसात असतो!"

तो हसायला लागला. थांबेचना.

"हसू नका."

"आत्ता 'तू' म्हणालीस."

"रागात म्हणाली."

"मग रागातच राहा ना," तो म्हणाला, "चांगली दिसतेस... आणि 'तू' पण म्हणतेस."

मी पाठ फिरवली आणि नवं कापड कापायला घेतलं. कात्री धड चालत नव्हती. दुसऱ्या दिवशी तो गरम जिलबी घेऊन आला, तिसऱ्या दिवशी उशिरा आला, आणि तो उशीर मला इतका लागला की मी त्याच्याशी तासभर तुटक बोलले. तेव्हा मला कळलं. मी प्रेमात पडले होते, आणि माझ्या मर्जीने पडले होते. कुणी आणून समोर बसवलेल्या मुलाच्या नाही, जिना चढून आपण होऊन आलेल्या मुलाच्या. याचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

तो तोरा रजनीकाकूंनी पेढ्यांच्या डब्यासकट उतरवला.

रजनीकाकू म्हणजे आईच्या भजनी मंडळातल्या. त्या सकाळी दुकानात आल्या, सोबत आई. आईचा चेहरा फुललेला.

"देवश्री, तोंड गोड कर बेटा. आमच्या सुमीतला तू एकदम पसंत आहे. काल रात्री हो म्हणाला."

"आमच्या... सुमीतला?"

"अगं, माझ्या बहिणीचा मुलगा! तू बघायला येऊ देत नाही, तर आम्ही बोललो, जाऊ दे ना गिऱ्हाईक बनून. बघून येईल आरामात." काकू खुशीत हसल्या. "कशी आयडिया होती?"

आई दुसरीकडे बघत होती. मी पेढा घेतला नाही. खाली उतरले, स्कूटर काढली आणि थेट भैरूगढ गाठलं. त्या दिवशी कापडाचं मेण उतरवायचं होतं आणि सुमीत ते बघायला तिथे आधीच पोचला होता. कारागीर जेवायला गेले होते. कढईत पाणी उकळत होतं, वाफेने शेड भरली होती. रंगून तिथेच वाळत घातलेलं नवं कापड मी पाण्यात सोडलं आणि लाकडी दांड्याने ढवळायला लागले.

"बघून झालं?"

"काय?"

"मुलगी. बघून झाली? की अजून चालवून बघायची आहे?"

त्याचा चेहरा उतरला. "मावशी बोलली..."

"मावशी बोलली! तू नाही बोलला! रोज समोर बसत होता. एक दिवस सांगता नाही आलं?"

"पहिल्या दिवशी बघायलाच आलो होतो. हो. मग तू अशी ओरडलीस... दुसऱ्या दिवसापासून मी माझ्यासाठी येत होतो. सांगितलं असतं तर तू हाकलून दिलं असतंस."

"दिलंच असतं! पण माझ्या मर्जीने दिलं असतं ना! मला वाटत होतं मी तुला निवडलं, सुमीत. मी. आणि सगळ्यांना आधीच पता होतं." माझा आवाज फाटला. "त्या पोरांच्या आईबापांना कुणी विचारलं नाही म्हणून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्यांचं दुःख कुठे आणि माझं कुठे, बरोबरी नाही करत मी. पण तुला कळतं ना, न विचारणं काय असतं ते? एक चित्र काढायचं तर त्या आजींना फोन करून विचारलं. आणि माझ्या लग्नाचं? मावशीला हो सांगून मोकळा!"

तो दांडा माझ्या हातातून घ्यायला पुढे झाला, मी दिला नाही.

"चुकलो," तो शेवटी म्हणाला. "सफाई नाही देत. मावशी विचारत होती, मुलगी आवडली का. मी खरं ते सांगितलं. तुला विचारायला मात्र जीभ उचलली नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात खूप लोक येतात. तळं निळं, दिवस मोठे, सगळे म्हणतात इथेच राहू. पहिली थंडी पडली की निघून जातात. म्हणून तिथे तळं गोठताना आणि फुटताना, दोन्ही बघितल्याशिवाय कुणाला गावातलं मानत नाहीत. तुला कुठल्या तोंडाने म्हणू, ये? तुझं इथे एवढं सगळं आहे."

"ते ठरवणारा तू कोण?"

"कुणी नाही."

कापड वर आलं होतं. मेण सुटून पाण्यावर तरंगत होतं. मी दांड्याने कापड उचललं, त्याने न सांगता दुसरं टोक धरलं, आणि आम्ही ते थंड पाण्यात टाकलं. हात भाजले तरी दोघांपैकी कुणी टोक सोडलं नाही. तळं पांढरं निघालं होतं.

"ऐक," मी म्हटलं. "दुकान मी बंद नाही करणार. मावशीचा पेढा पण नाही खाणार. तळं गोठायच्या आधी तिकडे येईन, फुटलेलं बघून इकडे परत येईन. एल्सीआजींनी ठेवलं तर त्यांच्याकडे राहीन. तुझ्याकडे नाही. कापडं तिथे बसूनही रंगवता येतात. आणि तुझं गाव, तुझं घर, तू – सगळं डोळे उघडे ठेवून बघीन. नाही आवडलं तर तोंडावर सांगीन."

"आणि आवडलं तर?"

"तेही मीच सांगीन. तोवर तुझी मावशी, माझी आई, कुणी एक शब्द बोलायचा नाही. मान्य?"

"मान्य." त्याने भिजलेल्या हातांनी कपाळावरचे केस मागे सारले. या वेळी हसला नाही. "देवश्री... मला तू आवडतेस. हे मावशीच्या आधी तुला सांगायला हवं होतं."

मी कापडाचं टोक पिळलं. जोरात पिळलं. सगळं पाणी माझ्याच पायांवर पडलं.

"मलाही तू आवडतोस," त्याचा ओला हात धरून मी ओरडले, "म्हणून तर इतका राग आलाय!"

बाहेर जेवून परतलेले कारागीर दारातच थबकले. मी त्यांना आत या म्हणून खूण केली आणि सुमीतचा हात काही सोडला नाही.