अर्ध्याच कुप्या कशा नासल्या?

"वादळात वीज गेली, ग्रेटा. फ्रीझर बंद पडला. तुझा आरएनए गेला असं समज!"

फोनवर हारलन ऑसगुड होता. ग्रेटा लिंडक्विस्ट नाश्ता तसाच टाकून निघाली. मिनीआपोलिसच्या रस्त्यांवर बर्फाचे ढीग होते. गाडी घसरत होती, तरी तिचा पाय ब्रेकवर जाईना.

स्वादुपिंडाच्या कर्करोगात एक इवलासा आरएनए मुका होतो, म्हणजे पेशीत बनेनासा होतो, आणि म्हणून गाठ वाढते, हा ऑसगुडचा गाजलेला शोध. त्यावरून बनलेलं औषध येत्या सोमवारी पहिल्या रुग्णाला टोचायचं होतं. त्याआधी रुग्णांच्या ताज्या नमुन्यांवर एकदा पडताळून पाहावं, हा हट्ट ग्रेटाचा. त्या नमुन्यांतला आरएनए फ्रीझरमधल्या कुप्यांत होता. ऑसगुड तिचा गुरू. वडील वारल्यावर लग्नात तिचा हात धरून तोच तिला वेदीपर्यंत घेऊन गेला होता.

प्रयोगशाळेत तो डोकं धरून बसला होता. "काल रात्री रेनाटाची ड्यूटी होती. न सांगता निघून गेली. हाकल तिला."

कोपऱ्यात रेनाटा व्हियालोबोस उभी होती. मेक्सिकोहून आलेली, ग्रेटाच्या हाताखालची संशोधक. तोंडाने फटकळ, कामाला वाघीण.

ग्रेटाने तिला बाहेर नेलं. "का गेलीस?"

"हारलननीच घरी पाठवलं. रस्ते बंद होतील, मी बघतो म्हणाले."

"ते म्हणतात, न सांगता गेलीस."

"मग मी खोटारडी! त्यांच्यापुढे माझं कोण ऐकणार?"

ग्रेटानेही ऐकलं नाही. हारलन खोटं बोलेल? छे!

तिने फ्रीझर उघडला आणि थबकली. खणांवर भुरभुरीत हिम होतं, पिठासारखं. बोट लावताच उडालं. एकदा वितळून पुन्हा गोठलं असतं, तर त्याची काच झाली असती. म्हणजे वीज गेली तरी आतली थंडी टिकली होती.

तिने प्रत्येक कुपीतला थेंब जेलच्या पातळ थरावर चालवून तपासला. निम्म्या कुप्यांच्या आरएनएच्या दोन ठळक पट्ट्या उमटल्या, म्हणजे तो शाबूत होता. उरलेल्यांचा नुसता धुरकट डाग. चक्काचूर.

"एकाच खणातल्या अर्ध्याच कशा नासतील?" ती पुटपुटली.

"कोणीतरी नासवल्या म्हणून," रेनाटा म्हणाली. "चांगल्या आरएनएत नासक्या कुपीतला थेंब टाकून बघा. तोही मेला, तर आत विष आहे."

तोही मेला. कुप्यांत आरएनए कुरतडणारं एन्झाइम घातलेलं होतं. ते तर इथल्या कपाटात कायमच असे.

संशय पुन्हा रेनाटावरच येत होता. पण कुप्यांवर नुसते आकडे होते. मोजताना मन झुकू नये म्हणून कोणती कुपी गाठीतली आणि कोणती निरोगी भागातली, हे ग्रेटालाही सांगितलेलं नव्हतं. तिने रुग्णालयातल्या डॉक्टर ॲबरनाथींना फोन लावला. नमुने त्यांनीच पाठवले होते आणि औषधाची चाचणीही त्यांच्याकडेच होती. नासलेल्या कुप्यांचे आकडे तिने वाचून दाखवले.

"या सगळ्या गाठीतल्या," ॲबरनाथी म्हणाले. "का हो?"

ग्रेटाने उत्तर न देता फोन ठेवला.

ऑसगुड अजून तिथेच होता. तिने दार लावलं.

"फ्रीझर वितळलाच नव्हता, हारलन. कुप्यांत एन्झाइम घातलं गेलं, तेही फक्त गाठीतल्या. रेनाटाला काही सूड घ्यायचा असता, तर तिने सगळ्याच नासवल्या असत्या. निवडून काढणं तिला शक्यच नव्हतं. आकड्यांचा उलगडा दोघांकडेच होता. ॲबरनाथींनी या इमारतीत कधी पाऊल टाकलेलं नाही. दुसरे तुम्ही. पक्षपात होऊ नये म्हणून तो तुम्ही ठेवा, असं मीच म्हटलं होतं. रेनाटाला घरी पाठवलंत, काळोखात वेळ थोडा होता, म्हणून तेवढ्याच कुप्या नासवल्यात. गाठीतले नमुने नसले की पडताळणी बुडाली. बरोबर?"

"आरएनए मुका होतच नाही," तो म्हणाला. "सुरुवातीच्या प्रयोगात मी निकालाचे आकडे जरा... वाटलं होतं, पुढे खरं ठरेल."

"आणि सोमवारचा रुग्ण?"

"तुझंही नाव आहे त्या शोधावर, पोरी. तुलाच वाचवत होतो."

"रेनाटाचा बळी देऊन?"

ग्रेटाने त्याच्यासमोरच पुन्हा ॲबरनाथींना फोन लावला. "चाचणी थांबवा. शोध खोटा आहे. हो, त्यावर माझंही नाव आहे. ते लपवू नका."

मग ती रेनाटाकडे गेली. "मी तुझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता."

"हवाच होता," रेनाटा म्हणाली आणि पाठ फिरवून कामाला लागली.

बाहेर पुन्हा बर्फ पडू लागला होता. अशा रस्त्यावर गाडी चालवणं म्हाताऱ्याला जमणार नव्हतं. ग्रेटानेच त्याला घरी सोडलं.

दारात त्याची बायको एडना उभी होती. "ग्रेटा! आत ये ना गं, गरम सूप केलंय."

ग्रेटाने काच खाली केली. "नको, एडना. यांना आधी तुमच्याशी बोलायचंय."