मोर्तबाविना कौल

उजाडता उजाडता भोरकड्याच्या तटावर पुन्हा बाण येऊन पडले. त्यांना पलिते नव्हते, चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या. खाली धुक्यात गनिमाच्या छावणीतल्या चुली पेटल्या होत्या आणि भाकरीचा वास, चार महिने वेढ्यात अडकून आता झाडपाल्यावर आलेल्या दीडशे माणसांपर्यंत, मुद्दाम धाडल्यासारखा चढत होता.

गडावर अक्षर लागणारा माणूस एकच, सबनीस गिरमाजीपंत. किल्लेदाराच्या हुकमावरून त्यांनी तीनदा अशा चिठ्ठ्या शिबंदीला वाचून दाखवल्या होत्या. लिहिलेले असायचे अभय, ते वाचायचे धमकी. आठवड्यापूर्वी किल्लेदार तापाने गेला, आणि जाता जाता बरळताना ते बिंग फोडून गेला.

"वाचा, पंत," सुभानजी नाईक म्हणाला. "का आजबी मनातलंच वाचणार?"

शिपाई हसले. पंतांनी वाचले. "जो हत्यार ठेवून उतरेल त्यास अभय, पोटास भाकरी, घरची वाट मोकळी." ते थांबले. "नाईक, खाली मोर्तब नाही. अभयाचा कौल संपतो तिथे शिक्का उमटवतात. त्याविना हा नुसता कागद. उतरू नका."

"तीनदा फसवलंत. आता बरा शिक्का आठवला!"

"माझा शब्द मीच घालवला," पंत म्हणाले. "म्हणून मोर्तब मागायला मीच जातो. मिळालं तर कागद डोक्यावर धरीन, मग उतरा."

"आन् न्हाई मिळालं तर?"

"ते तुम्हाला तटावरून दिसेल."

जन्मात तलवार न धरलेले पंत दरवाजातल्या दिंडीतून एकटे उतरले. शेवटच्या वळणावर त्यांना दिसले, की चुलींच्या अलीकडे, ओढ्यात, नंग्या तलवारी घेतलेली माणसे दबा धरून बसली आहेत.

गनिमाचा सरदार हसून पुढे आला. पंतांनी कागदाच्या तळाशी बोट ठेवले. "मोर्तब हवं, महाराज."

"मोर्तबाचं काय घेऊन बसलात? त्यांना खाली बोलवा. सबनिशी तुमचीच राहील."

पंतांनी वर पाहिले. धुके विरले होते, तटावर माणसांची रांग लागली होती. हात डोक्यावर नेणे एवढेच काम होते. त्यांनी कागदाची नीट घडी घातली आणि ती कमरेला खोवली.

तलवार चालली. वर दिंडीला अडसर पडला.

बाराव्या दिवशी गड उपासमारीने पडला; कोणालाही अभय मिळाले नाही. तोवर रोज पहाटे चिठ्ठ्या येतच होत्या. सुभानजीला अक्षर लागत नव्हते. तो प्रत्येक कागदाचा फक्त तळ पाही, आणि कोरा दिसला की तो कागद पाल्याच्या हंड्याखालच्या जाळात सारी.