उलट्या पिळाची गाठ

लोणावळ्याजवळच्या औंढ्याची चैताली मेडिकल कॉलेजात शरीररचना शिकवायची, आणि त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. शवविच्छेदनाच्या हॉलमधली रीत ठरलेली. धमनीला लाल दोरा, शिरेला निळा, मज्जातंतूला पिवळा. मॅडमनी बांधलेला दोरा पुन्हा तपासायचा नाही, असं पोरंच एकमेकांना सांगत.

सोमवारी तिने चार नंबरच्या टेबलावरच्या म्हाताऱ्याचा डावा दंड उघडला. देह बेवारस होता, तोंडावर नेहमीप्रमाणे पांढरं कापड. दंडाच्या बेडकीच्या आतल्या कडेने मोठी धमनी उतरत होती, तिला बिलगून एक जाड मज्जातंतू. दुसरा मागे कोपराच्या हाडाकडे वळलेला, कोपर आपटल्यावर मुंग्या आणणारा तो. कोपराच्या खळगीत, अगदी कातडीखाली, आणखी एक नळी होती. चैतालीने तिला निळा दोरा बांधला.

"मॅडम, ही वर कुठून येते ते बघायचं का?" अपेक्षा नावाच्या विद्यार्थिनीने विचारलं.

"कातडीला एवढी लागून असते ती शीरच. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

खरं तर तिला घाई होती. तिचे वडील नथू कालपासून तापाने लोणावळ्यात एका दवाखान्यात होते. भाऊ निलेश सोबतीला होता, पण तिचा जीव तिकडेच लागलेला.

मंगळवारी सकाळी त्या नळीला लाल दोरा होता. निळा शेजारच्या ट्रेमध्ये नीट गुंडाळून ठेवलेला.

हॉलची किल्ली शिपाई कैलासकडे असायची. तिने त्याला फैलावर घेतलं.

"मॅडम, बारा वर्सं झाली, मी त्या दोऱ्यांना बोट लावलं न्हाई," तो शांतपणे म्हणाला.

कुणीतरी पोराने चावटपणा केला असेल म्हणून तिने पुन्हा निळा बांधला आणि हॉलची किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

बुधवारी पुन्हा लाल.

आता तिने वाकून गाठ पाहिली. ही डॉक्टरची गाठ नव्हती. दोरा पिळून टोक आत खोचलं होतं, भाताची पेंढी बांधतात तसं. लहानपणी तिने अशा शेकडो पेंढ्या बांधल्या होत्या. फक्त हा पीळ उलटा होता.

तिने मुकाट्याने ती नळी वर सोडवत नेली. ती मज्जातंतूच्या अंगावरून, काखेजवळून मोठ्या धमनीतून फुटलेली निघाली. जाड भिंतीची, चक्क धमनी. शंभरात दोन-चार माणसांनाच अशी असते. अशा माणसाला कुणी शीर समजून तिथे सुई टोचली, तर औषध थेट बोटांत उतरतं आणि बोटं काळी पडतात. चैतालीला स्वतःची लाज वाटली. तिने पोरांसमोर चूक कबूल केली. गाठीचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

गुरुवारी दुपारी ती लोणावळ्याला पोचली. निलेश औषधं आणायला गेला होता. वडिलांचा उजवा हात सलाईनने सुजलेला, म्हणून सविता सिस्टरने डाव्या दंडाला रबरी पट्टा आवळला होता.

"कधीची शीर शोधतेय, आता कुठे छान सापडली," सिस्टर म्हणाली. इंजेक्शन भरून तयार होतं.

सुईच्या जागेपासून दोन बोटं वर, पट्ट्याच्या खाली, लाल दोरा होता.

"सिस्टर, थांबा."

चैतालीने पट्टा सोडला. त्या टपोऱ्या शिरेवर बोट ठेवलं.

बोटाखाली ठोका पडायला लागला.

सिस्टरने सुई ट्रेमध्ये ठेवली. "ठोका पट्ट्याने दबला होता हो. दोरा म्हटलं नवसाचा असेल, म्हणून काढला नाही."

चैताली कॉटच्या कडेला बसली.

"आबा, हा दोरा कुणी बांधला?"

"सकाळी जागा झालो तर व्हता. मला वाटलं, निलेशनं बांधला." नथूने दुसऱ्या हाताने गाठ चाचपली आणि तो कितीतरी वेळ ती चाचपतच राहिला. "ही तर गेणूदादाची गाठ गं. डावखुरा व्हता त्यो, पेंढीला उलटा पीळ घालायचा. आमी लय हसायचो त्याला."

गेणू म्हणजे तिचा चुलता. बावीस वर्षांपूर्वी बांधावरून भावाशी भांडून निघून गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

"आलता का गं त्यो?" नथूने हळूच विचारलं. "मला उठवायचं तरी."

चैतालीने गाठ सोडवली आणि दोरा हातात घेतला. तो अजून ओलसर होता, आणि त्याला हॉलमधल्या फॉर्मलिनचा वास येत होता.