दुसऱ्या टेबलापुढचा बर्फ

चांगल्या माणसाचं काहीतरी या पृथ्वीवर मागे राहतंच, असं पाद्रीबाबांनी विल्फ ट्रेझाइजच्या कबरीपाशी फार गंभीरपणे सांगितलं. राहिलं होतं खरं. बंदुकीच्या दारूचं अर्धं पिंप. ते आर्विद निएमीच्या तळघरात होतं आणि त्यातला निम्मा वाटा आर्विदचाच होता.

आर्विदने आयुष्यभर त्या गावात औषधाचं दुकान चालवलं होतं. तांब्याची खाण बंद पडली, माणसं दक्षिणेला मोटारींच्या कारखान्यांत गेली आणि जाताना आपापले खोकले सोबत घेऊन गेली. दुकान मिटलं. त्याआधीच बायको गेली होती. राहिला होता विल्फ, खनिजाच्या गाडीवरचा निवृत्त गार्ड. हवा कशीही असो, दर बुधवारी तो यायचा आणि दोघं आर्विदच्या घरामागे, पत्र्याच्या छपराखाली, दोन टेबलांवर बसून खाणीच्या टाकाऊ दगडांच्या ढिगावर नेम धरायचे. आर्विदची स्प्रिंगफील्ड, विल्फची एन्फील्ड. दोन्ही रायफलींनी महायुद्ध पाहिलं होतं आणि आता त्या हे पाहत होत्या.

दारूही युद्धातलीच. तोफांच्या गोळ्यांसाठी केलेली, युद्ध आधी संपल्यामुळे उरलेली, सरकारने मातीमोल भावात काढलेली. ती सावकाश जळायची. गोळ्या दोघं घरीच ओतायचे, गाड्यांच्या चाकांना लावायच्या शिशाच्या वजनांपासून. अशी गोळी मऊ असते. दारू जास्त घातली तर नळीत शिसं फासतं, कमी घातली तर दारू नीट पेटत नाही आणि निम्मे दाणे तसेच नळीबाहेर पडतात. यावर उपाय म्हणजे दारूवर सावरीच्या कापसाचा छोटा बोळा दाबायचा आणि मग गोळी बसवायची. आर्विद हे चिमट्याने करायचा, दारू औषधाच्या तराजूवर तोलून. विल्फ तारेची दांडी लावलेल्या, काडतुसाच्या अर्ध्या पितळी पुंगळीने दारू ओतायचा. बोळ्याच्या नावाने तर त्याला हसूच यायचं.

“कंपाउंडर, तू काडतूस भरतोयस की बाळाला अंगडं घालतोयस?”

“माझी दारू जळते तरी, गार्ड. तुझी निम्मी बर्फात पेरली जाते.”

“पेरू दे की. वसंतात तोफा उगवतील.”

ऑक्टोबरात लाकडं फोडताना विल्फ गेला. मुलगा शिकागोहून आला आणि जाताना एन्फील्ड ओहायोतल्या कुणाला तरी विकून गेला. मग आर्विदच्या मुलीचा, आयलीचा, डेट्रॉइटहून फोन आला.

“बाबा, आता तिथे कोण आहे तुमचं? खोली रिकामी आहे आमची. या ना.”

“ईस्टरला सांगतो,” आर्विद म्हणाला. घर सोडायचं की नाही, हे ठरवायला एक हिवाळा पुरेल असं त्याला वाटलं. शिवाय दुसऱ्या माणसाचा आवाज ऐकायला मिळायचा तो आयलीच्या रविवारच्या फोनवरच, आणि प्रश्न लोंबकळत ठेवला तर फोन थोडा लांबतो, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

पहिला मोठा बर्फ पडला त्या बुधवारी तो सवयीने मागे गेला, आपल्या टेबलावर बसला, कागदावर थोडा वेळ गोळ्या झाडल्या. उठताना पाहिलं, तर विल्फच्या टेबलापुढे बर्फावर काळे दाणे पडले होते. मोहरीएवढे. जपानी पंख्यासारखे पसरलेले, टेबलाशी अरुंद, पुढे रुंद.

वाऱ्याने आपलेच दाणे तिकडे नेले, आर्विद स्वतःशी म्हणाला. मग त्याने वाऱ्याचा विचार केला. वारा सरोवराकडून येत होता आणि विल्फचं टेबल त्याच बाजूला होतं. म्हणजे दाण्यांना वाऱ्याविरुद्ध चालत जावं लागलं असतं. एक दाणा उचलून त्याने घरात स्टोव्हवर टाकला. तो पिवळा भडकला.

पुढच्या बुधवारीही दाणे होते. बर्फावर पावलं फक्त आर्विदची.

औषधवाल्याला भुताआधी चोराचा संशय येतो. त्याने पिंप तोललं, तळघराला कुलूप घातलं, आणि महिनाअखेर परत तोललं. त्याने वापरली होती त्याच्या बरोबर दुप्पट दारू कमी झाली होती. कुलूप जागच्या जागी होतं. भागीदारी निम्मी-निम्मी होती, हे त्याला आठवलं, आणि हिशेब चोख आहे याचं थोडं बरंही वाटलं.

जानेवारीत तो तापाने पडला. बुधवारी दिवसभर मागच्या खिडकीशी, अंगावर गोधडी घेऊन, कान देऊन बसला. बार ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी काठी टेकत गेला, तर ताज्या बर्फावर पंखा उमटलेला होता.

त्या रविवारी त्याने आयलीला ईस्टरची वाट न पाहता सांगून टाकलं की तो येणार नाही.

“एकटे कसे राहाल, बाबा?”

“एकटा नाहीये.”

“कोण आहे?”

विल्फचं नाव घेता येत नव्हतं. आयली विल्फच्या दफनाला आली होती. तिने स्वतः माती टाकली होती.

“शेजार आहे,” तो म्हणाला.

मार्चमध्ये पिंपाचा तळ दिसायला लागला. आर्विदने स्वतः गोळ्या झाडणं बंद केलं. दारू तरीही उतरत राहिली, पण निम्म्या वेगाने. तो हार्डवेअरच्या दुकानात ऑस्करकडे गेला.

“ती सरकारी दारू? संपली,” ऑस्कर म्हणाला. “सगळीकडेच संपली. नवीन घे, डब्यातली. सरळ जळते, तुझे ते कापसाचे लाड नकोत.”

“मला तीच हवी.”

“मग अजून एक युद्ध करायला लाव कुणाला तरी.”

शेवटी पिंप उपडं करून, बोटाने निपटून, एका काडतुसापुरती दारू निघाली. आर्विदने ती विल्फच्या पुंगळीत भरली, एन्फील्डच्या मापाची. ती रायफल तर आता ओहायोत होती. सवय जात नाही म्हणून, किंवा शेवटचा बार तरी नीट जळावा म्हणून, त्याने चिमट्याने सावरीचा बोळा दाबला. वर गोळी बसवली, घट्ट. काडतूस विल्फच्या टेबलावर उभं करून ठेवलं.

बुधवारी दुपारी ऊन होतं. झाडांवरून बर्फ गळत होता.

टेबलावर पुंगळी उभी होती, तोंड वर करून. रिकामी. आतून काळी.

टेबलापुढे दाणे पडले होते.

पुंगळीशेजारी सावरीचा बोळा ठेवला होता. पांढरा, कोरडा, गोल. त्याला धुराचा डागसुद्धा लागला नव्हता.

आर्विद आपल्या टेबलावर बसला आणि मोठ्याने म्हणाला, “नको तर नको.”

ऑस्करकडून त्याने नवीन डबा आणला. विल्फच्या मापाची काडतुसं भरली, बोळ्याशिवाय, आणि बुधवारी मांडून ठेवली. पुढच्या बुधवारी ती तशीच होती. त्याच्या पुढच्याही. दवाने पितळ काळवंडलं. तो स्वतः बसला, स्वतः गोळ्या झाडल्या, आणि बाजूला पाहिलं. बर्फ कोरा होता.

ईस्टरच्या रविवारी फोन वाजला.

“आयली,” आर्विद म्हणाला, “ती खोली अजून रिकामी आहे का?”

“आहे की, बाबा. शेजाऱ्यांचं काय झालं?”

“गेले ते.”

मग त्याने विचारलं, तिकडे बर्फ किती पडतो. आयली म्हणाली की पडतो थोडाफार, पण काळजी करायची नाही, महापालिकेची गाडी येऊन सकाळीच उचलून नेते.