झिरा

महाराष्ट्र दिनी कामणदुर्गाच्या माथ्यावर भगवा लावायचाच, असं मयूरने पापडीच्या मंडळाला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं. सोबतीला धाकटी बहीण रिद्धी आणि तिचा नवरा सुमेध. सुमेध मूळचा माणदेशातला, आता गोखिवऱ्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. पायथ्याशी मयूरने त्याची सॅक उचलून पाहिली आणि निम्म्याहून जास्त पाण्याच्या बाटल्या परत डिकीत टाकल्या.

"सुमेधराव, वर टाकी आहेत. श्रावणात काठोकाठ भरलेली बघितलीत मी. हा दुष्काळ कशाला वाहून नेताय? त्यापेक्षा आमची वाळवलेली केळी, ही सुकेळी घ्या."

पापडीत चार हात खणलं की गोडं पाणी लागतं, वाडीवाडीत बावखल, छोटं तळं, असतं. तिथे वाढलेल्याला पाणी बरोबर न्यायचं असतं हे सुचणार कुठून? सुमेध नुसता हसला. बायकोच्या थोरल्या भावापुढे जावई किती ताणणार!

सकाळी गंमत वाटणारी वाट दुपारी तव्यासारखी तापली. कारवीच्या काटक्यांची सावली पडेना, वाळक्या पाल्यावरून पाय सटकत होते आणि वाऱ्याची झुळूक आलीच तर तीही गरम. भुकेपोटी खाल्लेल्या सुकेळ्यांनी घसा आणखीच चिकटला. वाळूने भरलेला कोरडा ओढा ओलांडून थोडं वर चढले, तोवर बाटल्या संपल्या.

अखेर टाकं आलं. मयूर धावला. वाकला. तळाशी भेगाळलेला चिखल आणि एक मेलेला खेकडा!

"झेंडा लावू आणि लगेच उतरू," तो म्हणाला. "माथा हा काय, समोरच."

सुमेध दोन पावलं चालला आणि कोसळला. अंग भाजत होतं, घामाचा थेंब नव्हता. मोबाइलला रेंज नव्हती. खाली जाऊन बाटल्या आणेपर्यंत संध्याकाळ झाली असती, आणि तेवढा वेळ सुमेधकडे नव्हता हे मयूरला कळत होतं. दोघांनी त्याला उचलत, ओढत ओढ्याकाठच्या उंबराखाली आणलं.

"झिरा..." सुमेध पुटपुटला. "झिरा करा..."

"झरा म्हणतोय," मयूर म्हणाला आणि कड्याकडे पळाला. झरा कुठे असेल? कपारी चाचपल्या, दगड उपटले, गुडघे फोडून घेतले. खडखडीत! आपण डिकीत टाकलेल्या बाटल्या त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागल्या. बहिणीचं कुंकू आपण गाडीत ठेवून आलो, असं वाटून त्याला रडू फुटलं. तो हात हलवत परतला.

"झरा नाही गं कुठे, रिद्धी."

रिद्धी नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने एकदम मान वर केली.

"दादा, झरा नाही, झिरा! सासरी नदी आटली की वाळूत खड्डा करतात, त्याला म्हणतात. वाळू उकर!"

मयूरने झेंड्याची काठी वाळूत खुपसली. काठी मोडली. मग हातांनी उकरलं. कोपरभर गेला, कोरडी वाळू. बोटं सोलली. आणखी खाली गेला. वाळू जरा गार लागली... ओली लागली... आणि खड्ड्याच्या तळाशी हळूहळू गढूळ पाणी पाझरू लागलं!

भिजवायला, गाळायला फडकं नव्हतं. मयूरने सॅकमधून भगवा काढला, क्षणभर हातात धरला आणि खड्ड्यात बुडवला. तोच ओला करून सुमेधच्या मानेवर, काखेत, छातीवर ठेवला. वाळला की पुन्हा बुडवला. किती वेळा, त्याचं त्यालाही कळलं नाही. रिद्धी टोपीने वारा घालत राहिली.

सावल्या लांबल्या तेव्हा सुमेधने डोळे उघडले. त्याने रिद्धीला नावाने हाक मारली. मग ती भगव्याच्या टोकातून गाळलेलं पाणी त्याला घोट घोट पाजू लागली.

"झेंडा लागला का?" त्याने क्षीण आवाजात विचारलं.

मयूरने त्याच्या छातीवरचा मळका, भिजलेला भगवा नीट केला.

"नाही, सुमेधराव," तो म्हणाला. "पाणी लागलं."

ऊन उतरल्यावर सुमेधला दोन्हीकडून धरून ते खाली निघाले. माथ्याकडे मयूरने वळूनही पाहिलं नाही.