साखर चालत नाही

राजूरच्या घाटात एसटी बंद पडली, ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला, आणि गाडीत अशी शांतता पसरली की कौसल्या अंग चोरून खिडकीकडं सरकली. शेजारी वांग्यांची रिकामी टोपली मांडीवर घेतलेला एक पोरगा कान टवकारून बसला होता.

"बाई... तुमच्या घड्याळात किती वाजले हो?"

"घड्याळ? ते... बंद हाये."

"बंद? अन् टिकटिक तं मले साफ आयकू येऊन राह्यली!"

कौसल्या लाजेनं लालबुंद झाली. टिकटिक होती तिच्या छातीत. मुंबईच्या डॉक्टरांनी हृदयातली खराब झडप काढून तिथं धातूची बसवली होती, ती उघडमीट करताना वाजायची. पण परक्या, तरण्याताठ्या पोराला हे सांगायचं कसं? तिनं पदर गच्च आवळला.

"पिशवीत हाये. बाबांचं. काटे तुटले त्याचे."

"कमाल हाये बाप्पा! काटेच नाही, तं मिरवता कायले?" आणि तो असा काही हसला की... जाऊ द्या, तिथंच सगळं बिघडलं.

तो वडनेर भोलजीचा तुळशीराम, घरचा भाजीचा मळा. ती बुलढाण्याच्या वामनराव कारकुनांची लेक, मोताळ्याला पोरींना शिवण शिकवायची. मग काय, बाजाराच्या दिवशी दोघांना नेमकी तीच गाडी सापडू लागली. तो तिला 'घड्याळवाली' म्हणायचा, ती डोळे वटारायची.

"आज काऊन बोलत नाही? रुसल्या का?"

"रुसायले तुम्ही माहे कोण?"

"हेच ठरवाले तं मायले पाठवून राह्यलो!"

ती खिडकीबाहेर बघत हसली. घरी गेल्यावर त्या हसण्याचीच तिला लाज वाटली. एक तर ही झडप, वर साखरेचा आजार, रोजची सुई. डॉक्टर म्हणाले होते, "झडप छान बसलीय. पण जोडीला साखर असली की कुणाचं बरं चालतं, कुणाचं नाही. छातीठोक आम्हीही सांगू शकत नाही. मूल मात्र नको."

वामनरावांनी मात्र तिच्या तोंडाला कुलूप लावलं. "लग्न झाल्यावर समजतेच. तू चूप राह्य." आणि ती, वेडी, चूप राहिली.

साखरपुड्याला तुळशीरामची आई रुक्मिणीबाई हिरवं लुगडं घेऊन आली. ओटी भरली, पुड्यातली चिमूटभर साखर तिच्या ओठांशी नेली. "आ कर, माय."

चिमूटभर साखरेनं कोणी मरत नाही, हे कौसल्येला ठाऊक होतं. पण त्या माउलीच्या डोळ्यांतलं कौतुक तिला सोसवेना. तिनं तो हात धरला.

"मले साखर चालत नाही, आई. आजार हाये मले. अन्... घड्याळ नाही माह्यापाशी. काळीजच वाजते." मग सगळंच बाहेर पडलं. "लेकरूबी होणार नाही." धरणीनं पोटात घ्यावं, असं तिला झालं.

रुक्मिणीबाई कडाडली, "वामनराव, मरणाच्या दारातून आणली लेक, अन् तिलेच खोटं वागाले लावलं? लाज नाही वाटली?" वामनरावांची मान खाली गेली. मग तीही कपाळ धरून बसली. "नातू खेळवाचा होता मले..."

तुळशीराम उठून कौसल्येसमोर आला. "डॉक्टरनं किती वर्षं सांगतली?"

"नेम नाही म्हणे."

"मंग माहा नेम कोणं सांगतला?" त्याचा आवाज फाटला. "मले तू पायजे, कौसल्या. जेवढी हायेस तेवढी."

"येडा झाला का बे!" आई म्हणाली, आणि बराच वेळ रडली. मग पदरानं नाक पुसत तिनं साखरेचा पुडा बाजूला सारला, ओटीतल्या खोबऱ्याचा तुकडा मोडला.

"हे तं चालते ना? का यासाठीबी डॉक्टरले विचारू?"

कौसल्येनं खाली घातलेली मान वर केली, रुक्मिणीबाईच्या ओल्या डोळ्यांत बघितलं आणि तोंड उघडलं.