देवबागचे तेवीस दिवे

"मॅडम, ह्या घर काळा कित्याक?"

ग्लोरिया दचकली. देवबागच्या जेटीवर टॅबलेट उघडून ती गावाचा नकाशा तपासत होती, आणि एक होडीवाला खांद्यामागून खुशाल डोकावत होता.

"काळं म्हणजे बंद घर," ती ऑफिसच्या मराठीत म्हणाली. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षात ती आकडेवारी सांभाळायची. मोबाईल, रेशन, विजेचा वापर… सगळं जुळवून कुठल्या घरात माणसं आहेत ते नकाशा सांगे. वादळ आलं की त्याच्यावरूनच माणसं हलवायला गाड्या सुटणार होत्या.

"बंद? थंय माझी पिएदाद मावशी रवता!"

"मोबाईल आहे त्यांच्याकडे?"

"नाय."

"आणि वीज तर जवळजवळ जळतच नाही."

"काळोख पडलो की ती न्हिजता. बिल कित्याक येतला?" तो हसला.

ग्लोरियाला हसू आलं नाही. त्या दारात गाडी थांबलीच नसती. "अशी… आणखी किती घरं असतील?"

"तिन्हीसांजेक येवा. होडयेतसून दाखवतंय."

त्याचं नाव लिओन. खाडीतून होडी सावकाश सरकत होती आणि काठावर एकेक दिवा लागत होता. कुठे तुळशीपुढे पणती, कुठे अंगणातल्या क्रुसापुढे मेणबत्ती. घरात माणूस असलं की तो दिवा चुकत नसे. लिओन वल्हं थांबवून नाव सांगे, ती टिंब हिरवं करी.

"थंय काशीबाई… मॅडम, नकाशात बघा. माझ्याकडे काय बघतास?"

"मी… मोजत होते."

"माका?"

ती पाण्याकडे पाहू लागली. तेवीस घरं हिरवी झाली. साहेब नाही-होय करत राजी झाले, आणि नकाशाच्या यादीत नवा रकाना आला : दिवा.

पंधरा दिवसांनी वादळ आलं. त्याआधीच गाड्या तेवीसही दारांत जाऊन आल्या होत्या. पिएदाद मावशीच्या खाटेवर माड कोसळला, तेव्हा मावशी शाळेच्या वर्गात पेज पीत होती.

आठवड्याने लिओन इस्त्रीचा शर्ट घालून ऑफिसात आला. हातात दोदोलचा, नारळ-गुळाच्या मिठाईचा, डबा.

"मावशेन दिल्यान. आता ती रोज दोन मेणबत्त्यो लावता. एक तुमची."

ग्लोरियाचे डोळे भरले. "माझी कशाला? दिवे तुम्ही दाखवलेत."

"बघणारा कोण तरी येवक व्हया होता, मॅडम." तो घुटमळला. "नकाशात… माझा घर कसा दिसता?"

तिला शोधावं लागलंच नाही. ती ओळ तिने कितीदा तरी उघडली होती. मोबाईल – आहे. वीज – आहे. दिवा – रिकामा. तिने टॅबलेट त्याच्याकडे वळवला.

"त्या वेळाक मी खाडयेत," तो खाली बघत म्हणाला. "लावतलो कोण?"

टॅबलेट मिटून ती पहिल्यांदाच आपल्या घरच्या बोलीत बोलली.

"तो रकानो मी मुद्दाम रिकामो ठेवलंय, लिओन. तू इचारशीत म्हणान."